नाकासमोर

तिकिटाच्या खिडकीतली मुलगी विचारते, ज्येष्ठ नागरिक?
बाबा म्हणतात, नाही, भट्टीवाला.
ती हसते आणि सवलतीचंच तिकीट फाडते.

आत काळोख. मग छतातून सफरचंदं पडू लागतात,
खरी नव्हेत, उजेडाची,
भिंतींवरून घरंगळत आमच्या बुटांवर येऊन विझणारी,
आणि कुठल्यातरी भोंग्यातून धप्, धप्, धप्.
काठीवर रेलून बाबा ऐकतात.
"फार शिस्तीत पडतायत.
खरी पडतात तेव्हा मधे इतका वेळ जातो
की वाटतं, संपली.
आणि मग एक, गाईच्या पाठीवर."

पुढच्या दालनात पडद्यावर एक नट
फिरता भट्टीवाला झालाय.
एप्रन स्वच्छ, मिशीवर राखेचा कण नाही.
बाबा त्याच्यापुढून गेले, मान तुकवून,
ओळख नसलेल्या व्याह्यासमोरून जावं तसे.

आमच्याकडे तांब्याचं ते धूड चाकांवर होतं.
नोव्हेंबर ते मार्च या वाडीवरून त्या वाडीवर,
मागच्या दाराशी ट्रॅक्टरची घरघर पोचायच्या आधी
चोथ्याचा आणि जळक्या लाकडाचा वास पोचायचा,
आई आणखी एक ताट मांडायची.

नाकासमोर चालणारे गृहस्थ नव्हेत माझे बाबा.
अबकारीवाल्यांना चुकवून दोन पिंपं
पाद्रीबुवांच्या खुराड्यात गेली, हे अख्ख्या ओझला ठाऊक.
पण चालले ते नाकाच्याच मागून.
पहिली धार बाजूला, ती नखांच्या रंगासारखी झोंबते.
शेवटची बाजूला, तिला ओल्या कुत्र्याचा वास.
मधली ठेवायची.
मधली कुठे सुरू होते ते सांगायला
तोटीखाली दोन बोटं, बस.

दोन हिवाळ्यांपूर्वी ताप आला, उतरला,
जाताना वास घेऊन गेला.
कुणाला बोलले नाहीत.
नासलेलं दूध कॉफीत ओतून
शांतपणे पिताना मी पाहिलं, तेव्हा कळलं.

आणि आता हे वासांचं दालन.
तांब्याचे बारा कर्णे, खाली रबरी फुगे,
दाबा आणि हुंगा.
मी म्हटलं, दमला असाल, बाहेर बसू.
ते पहिल्या कर्ण्यावर वाकलेदेखील.
शेजारी शाळेच्या सहलीतली एक चिमुरडी, कोटावर नाव: एलोईज.
"काय येतंय गं?"
"ई! काकांच्या जुन्या गाडीचा."
"चामडं," बाबा म्हणाले. "पंचवीस वर्षांची असणार. पुढे?"
बाराच्या बारा तिने सांगितले,
आजीच्या कपाटाचा, सर्दीच्या मलमाचा,
एकदा नुसतंच "पिवळा."
तिथे बाबा बराच वेळ थांबले.

चाखायच्या टेबलावर तांक्रेद नावाचा पोरगा, तीन पेले मांडून.
पिंपातून दरसाल थोडी उडून जाते,
तो देवदूतांचा वाटा, असं पाठ केलेलं सांगतो.
"देवदूत कसले," बाबा म्हणाले,
"कौलांखालची काळी बुरशी पिते ती.
आमच्या भिंती बघ येऊन."

मग बाटली उचलून हलवली,
गळ्याशी जमलेले मणी डोळे बारीक करून मोजले.
"त्रेपन्न."
लेबलवर बेचाळीस.
तांक्रेदने माझ्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं.
"बरोबर," म्हणाला, "ही थेट पिंपातली. लेबल दुकानासाठी."
खरं की खोटं, मी विचारलं नाही.
बाबांनीही नाही.
चार थेंब तळव्यावर घेऊन त्यांनी हात चोळले,
सवयीने नाकाशी नेले,
आणि तसेच, रिकाम्या पत्रपेटीत हात घालून बसल्यासारखे.

पार्किंगमध्ये मी गाडी सुरू केली.
त्यांनी दोन्ही तळवे माझ्या तोंडापुढे धरले.
"सांग."
मी म्हटलं, चामडं, भाजलेलं सफरचंद, व्हॅनिला.
"फलकावरचं नको."

मी इंजिन बंद केलं.