कंसातलं नाव

पहिल्या गाण्याच्या पोस्टरवर माझं नाव हातभर,
त्याचं खाली, कंसात: (सोबत भरम).
टाइप मीच केलं होतं.
जागा नाही, असं त्याला सांगितलं.
जागा होती.

अनगोळ नाक्यावर माझं फ्लेक्सचं दुकान.
वाढदिवस, श्रद्धांजली, बैलगाडीची शर्यत,
मंडळाचे चौसष्ट चेहरे एका ओळीत.
वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक,
नियम आहे, आणि मोजायला माणूस येतो टेप घेऊन.
अक्षर लहान झालं की आत काय होतं
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
तरी.

भरमा मुतगेकर. उद्यमबागेत सीएनसीवर, दुसरी पाळी.
हाताला कूलंटचा वास, साबणाला दाद न देणारा,
तो माझ्या माइकलाही लागला.
आला तेव्हा म्हणाला, "सोळा ओळी दे मर्दा,
सतरावी मागणार नाही."
शटर खाली ओढलं, गाद्या भिंतीला उभ्या केल्या.
मध्येच लाइट गेली.
तो थांबलाच नाही. ठेका बंद, पंखा बंद,
अंधारात नुसता आवाज,
आणि मला पहिल्यांदा नीट ऐकू आला.

मराठीत चालता चालता
त्याचा पाय कन्नडात घसरायचा,
आणि तो घसरणं पुसायचा नाही.
म्हटलं, एक काहीतरी धर,
नाहीतर इकडचे शिव्या देतील, तिकडचेही.
"आई एकीत रागावती, मास्तर दुसरीत मारायचे.
वळ सारखेच उठतात की."

मग खानापूरचं कॉलेज, संकेश्वरची जत्रा, निपाणी.
सुरुवात माझी. लोक मोबाइलात मान घालून.
तिसऱ्या कडव्याला तो यायचा,
सोळा ओळी,
आणि तेच मोबाइल वर जायचे, दिवे लागून.
निपाणीत एक पोरगी गर्दीतून ओरडली,
"कंसातलं कुठाय?"
सगळे हसले. मीही.
परत येताना हत्तरगीच्या टोलपर्यंत
मी काही बोललो नाही.
तोही खिडकीच्या काचेवर बोटानं
काहीतरी मोजत होता. सोळाच्या पुढं गेला असावा.

काल दुकानात आला. पेनड्राइव्ह, पाचशे आगाऊ.
घेऊ नयेत असं वाटलं. घेतले.
"दहा बाय सहा. फक्त माझं नाव.
दोन्ही लिपीत. दोन्ही एकाच मापाचं."
टेपवाला येईल, म्हटलं. काढून नेतील.
"नेऊ देत. एक रात्र तरी टांगशील?"

मशीन पुढं मागं, पुढं मागं,
त्याची बोटं लगेच काउंटरवर.
भ उतरला. र. म.
शेवटचा काना त्यानं कधीच सोडलाय.
घरचे विचारतात म्हणे, कान्याचं काय झालं?
हा सांगतो, आपल्या गल्लीत
कुणीतरी भरम राखायला नको?

खाली कोपऱ्यात, नेहमीसारखं,
छापणाऱ्याचं नाव आणि नंबर. माझं.
फाइल बंद करता करता
मी त्याला कंस घातला.

रात्री साडेअकराला खांबावर मी, शिडीला तो.
दोरी दातात धरून विचारलं, सरळ आहे?
"डावीकडं जरा वर. अजून. अजून थोडं."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग खालून, कन्नडात:
साकु.