तीनशे साठ

आडेलहाइड गानुसेस पैसे आधी देत नाही.
आधी तिने गॅरेजच्या फरशीवर
अंड्यांचा एक रिकामा ट्रे ठेवला.
म्हणाली, असे बारा.
खोरिक्सास ते सेस्फोंटेन, आठवड्यातून एकदा.
मागच्या खेपेला निम्म्यांचं पिवळं
ताडपत्रीखालून गळत होतं,
आणि कुणाची तरी कुत्री
फाट्यापर्यंत मागे धावली.

ट्रेलर तिच्या दिराने जोडलेला.
जुन्या हायलक्सचा अ‍ॅक्सल, सात पानांचे पाटे,
टनभर सिमेंट वाहील असा.
बारा ट्रे अंडी त्या पाट्यांच्या गावीही नाहीत.
ते वाकतच नाहीत,
म्हणून खालचं सगळं वर पोचतं.

मी चार पानं काढली. जरा बरं.
पण अ‍ॅक्सल आडवा, एकच.
डाव्या चाकाला दगड लागला
की उजवीकडची अंडी उसळतात,
शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकल्यासारखी.

मग खडू घेऊन फरशीवर बसलो.
चौकोनी नळीचे दोन हात,
चाकाला ज्याचा त्याचा,
पुढे बिजागरीत, मागे मोकळा.
स्प्रिंग कुठे बसवायची, यात आठ दिवस गेले.
चाकाच्या डोक्यावर नको.
हाताच्या बरोबर मध्यावर आणली
तर चाकाला तिचा जोर निम्मा लागत नाही,
पाव लागतो.
दोनदा पुसून पुन्हा मांडलं. पावच.
गारिसेस बाईंच्या वर्गात मी वर्ग शिकलो नव्हतो,
ते त्या फरशीवर शिकलो
पन्नाशीत.

आमचा बाप सरकारी ग्रेडर चालवायचा.
पाम्वाखकडे रस्ता सपाट करत जायचा,
पुढच्या महिन्यात त्याच सुरकुत्या,
हातभर अंतरावर, मोजून ठेवल्यासारख्या.
ग्रेडरला स्प्रिंग नसते.
पातं हलायला नको, म्हणून.
घरी आला तरी त्याचे हात चालूच असत,
चहा बशीत, बशीतून मांडीवर.
आईने कधी काही म्हटलं नाही,
फक्त अर्धा कप द्यायला लागली.

हे आडेलहाइडला कशाला सांगू.
तिला सांगितलं, शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवे घे,
नुसती मऊ स्प्रिंग म्हणजे झोपाळा,
एकदा हललं की हलतच राहतं.
तिने भाव केला. जुनेच आणले,
कुठल्याशा उलटलेल्या लँडरोव्हरचे.
एक गळत होता, तो मी परत पाठवला.

शनिवारी पहाटे निघालो.
टायरमधली हवा निम्म्यावर आणली, सगळे नट पुन्हा आवळले.
ती मागे वळून आरशात बघत राहिली,
जसं कुणी झोपलेल्या मुलाकडे बघावं,
नाही, जसं दुकानदार गिऱ्हाइकाच्या हातांकडे बघतो.
सुरकुत्या सुरू झाल्या.
स्टिअरिंग थरथरलं, माझे दात थरथरले,
पुढच्या काचेवरचा मेंढ्यांचा परवाना गळून पडला,
आणि मागे चाकं शिवणयंत्राच्या सुईसारखी
खालीवर, खालीवर,
आणि त्यांच्या वर ताडपत्री
पोटातलं पाणी न हलता.

सेस्फोंटेनला दुकानाच्या सावलीत
तिने एकेक ट्रे उतरवून मोजला.
चार फुटली.
त्यातली दोन, ती म्हणाली, आधीच तडकलेली होती,
कोंबडीचाच दोष.
मग खाली वाकली,
ट्रेलरच्या पोटात हात घालून
माझं काम चाचपायला,
आणि शिवी देऊन मागे सरली.
बोटं तोंडात.
काय झालं?
तापलंय, ती म्हणाली. हे काळं नळकांडं. तव्यासारखं.

मी म्हटलं, तापणारच.
धक्का कुठे जात नाही,
वर पोचला नाही
म्हणजे मध्येच कुणाच्या तरी अंगात राहिला.

तिने ओल्या रुमालाने बोटं बांधली,
पैसे मोजले, डाव्या हाताने,
वीस डॉलर कमी.
परतताना रिकामा ट्रेलर
जरा जास्तच उड्या मारत होता.
पाच नंबरच्या पुलापाशी थांबलो,
थर्मासमधून चहा ओतला,
आणि माझ्या लक्षात आलं
की मी कप अर्धाच भरलाय.