उरलेला स्क्रू

मॉइराने समासात पेन्सिलीने लिहिलं होतं :
‘देखणा आहे. पण हा दाराबाहेर गेला
तर मी त्याची वाट पाहणार नाही.’

नऊ प्रकरणं मी कॅलमचे खांदे रुंद करत होते.
करडे डोळे, टे नदीकाठी घर,
घरात कधी न विझणारी शेकोटी.
माझा बॉयलर मात्र बंद.

डंडीतली जानेवारीची दुपार.
दुरुस्तीला आलेला माणूस बुटका, नाक सर्दीने लाल.
काढलेले स्क्रू त्याने बशीत गोल मांडले,
घड्याळातल्या आकड्यांसारखे.
निघताना एक उरला.
‘जास्तीचा असतो,’ म्हणाला, माझ्याकडे न बघता.

तासाभराने बेल. भुवयांवर बर्फ.
‘मघाशी खोटं बोललो. तो कुठे बसतो
ते आत्ता पुलावर आठवलं.’
पैसे घेतले नाहीत. चहा घेतला,
तीन चमचे साखर घालून.

रात्री मी कॅलमचे खांदे खोडले.
घर विकलं. शेकोटीवर पाणी ओतलं.
खिशात एक स्क्रू टाकला
आणि भांडण लावून त्याला दाराबाहेर काढलं.

पहाटेचे तीन.
नायिका खिडकीशी उभी आहे.
मीही.