मोजणी

दिवसा मी विड्या मोजते,
रात्री ह्यांचा श्वास.

राजेशम घोरतात तेव्हा
विडी घरकुलातली आमची खोली
कारखान्यासारखी वाजते.
त्याची मला भीती नाही,
मागाच्या खडखडाटात चार लेकरं निजवलीत मी.
भीती आवाज बंद पडतो त्याची.
सतरा, अठरा, एकोणीस...
पोट हलतंय, तोंड उघडं,
वारं कुठंच नाही.
कोपरानं ढोसलं की
बुडता माणूस वर यावा तसा हिसका
आणि पुन्हा खडखड.

सासूबाई म्हणायच्या, दमलाय, गाढ झोपलाय.
गाढ झोपलेला माणूस
सकाळी डोकं धरून उठतो का ओ?
रात्रीत चारदा मोरीत जातो?
चहाची बशी हातात, आणि डुलकी.
टॉवेलच्या मागापुढं उभ्या-उभ्या डुलकी.
गड्ड्याच्या दिवसांत धोटा बोटावर आला,
नख गेलं ते गेलंच.
मुकादम म्हणाला, पितोस काय रे?

बीपीच्या एका गोळीच्या तीन झाल्या.
शुगर निघाली.
मग छातीत फडफड,
पोत्यात कोंबडी घातल्यागत.
तीन डॉक्टर, तीन फायली.
रात्रीचं कुणी विचारलं नाही.
चौथी पोरसवदा बाई,
ह्यांना सोडून माझ्याकडं बघून विचारती झाली.
मी सांगितलं, एकोणीस.
तिनं लिहून घेतलं.
जन्मात पहिल्यांदा माझी मोजणी
छाट न काढता कुणी घेतली.

म्हणाली, घसा आतून मिटतो,
रक्ताला हवा पुरत नाही,
काळीज रात्रभर पळत राहतं.
म्हणजे झोपेतसुद्धा डबल पाळी.

हप्त्यावर मशीन आलं. नाकाला मास्क, नळी.
नातू म्हणतो, तात विमान चालवतोय.
पहिल्या रात्री इतकं शांत
की मी चाळीसपर्यंत गेले,
मग छातीवर हात ठेवला.
चालू होती.

पाचव्या रात्री मला झोप लागली.

पहाटे डोळे उघडले तर हे उठून बसलेले,
मास्क कपाळावर सरकवून,
माझ्याकडं बघत.
"लै घोरतीस की गं."
मी हसले. मग विचारलं,
मधी थांबले का?
ते काही बोलले नाहीत.
बिननखाचं बोट अजून मुडपलेलं होतं,
म्हणाले,
"तेरापर्यंत मोजलं."