खोली क्रमांक दोनशे सात

पहिल्या डिसेंबरात झोडापे साहेब
पत्र्याची पेटी घेऊन आले, मागे गावचे अकरा जण.
मी गाद्या टाकल्या, गरम पाण्याची बादली
त्यांनीच उचलली.
रात्रभर प्रश्न घोकला :
वाघनाल्यावर पूल नाही, हे खरे आहे काय?

छापील उत्तर आलं,
अंशतः खरे आहे.

दुसऱ्या खेपेला खोलीत पीए घोरायचा,
साहेब वर्धा रोडच्या हॉटेलात.
तिसऱ्यांदा चावी फक्त सहीपुरती.
मग पडले.
पाच डिसेंबर नुसते थंडीचे गेले.

यंदा टी-पॉइंटवर मोर्चा अडवला.
डबा घेऊन जाताना पाहिलं,
बॅरिकेडला रेलून उभे, मफलर तोच,
मुठीत निवेदन, वाघनाल्याचं.

"ओळखलं का गा?"

म्हटलं, साहेब,
अंशतः.