इरेशप्पाची दिल्ली

गड्ड्याच्या दिवसांत, होम मैदानाच्या तलावाकडच्या कोपऱ्यात,
आकाशपाळण्याला पाठ लावून
दिल्ली उभी असायची.
अकरा फूट बाय नऊ. मांजरपाटावर ऑइल पेंट.
डावीकडे कुतुबमिनार, उजवीकडे लाल किल्ला,
मध्ये इंडिया गेट,
आणि तिघांच्या पायाशी एकच तळं, कमळांचं;
कारण इरेशप्पा पेंटरनं दिल्ली पाहिली नव्हती,
तळं पाहिलं होतं.

एका फोटोचे दहा रुपये,
म्हणजे अम्माच्या सातशे विड्या.
अण्णाला स्टॉलवाल्यानं कोट दिला,
पुढून कोट, मागून नुसत्या नाड्या.
मला काळा चष्मा, कानांवरून घसरणारा.
अम्मानं पदर दोनदा सोडला, दोनदा घेतला
आणि बोटांची तंबाखू पदराआड पुसली.

'हलू नका,' शब्बीर फोटोवाला म्हणाला,
आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या मौत का कुआँत
मोटरसायकल घुमली.
दिल्ली थरथरली.
तिसऱ्या मजल्यावर मिनाराचं पोट आत गेलं.
फोटोत तो अजून तसाच आहे,
श्वास ओढून धरलेला.

एक कॉपी सिरसिल्ल्याला गेली, थोरल्या मावशीकडे.
अम्मा सांगत गेली, मी लिहीत गेलो:
दिल्लीला जाऊन आलो. थंडी फार.
मिनाराच्या मागं शेंगा चांगल्या मिळतात.
यात खोटं काही नव्हतं.
मिनाराच्या मागं खरंच
दुर्गव्वा वाळूत शेंगा भाजायची.
मावशीचं उलट टपाली एवढंच आलं:
तळ्यात मासे आहेत का?

अण्णा गेले. माग विकले.
मी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर झालो,
आणि चौतीस वर्षांनी, शेटनं प्रदर्शनाला पाठवलं म्हणून,
कर्नाटक एक्सप्रेसनं
एक दिवस आणि वर थोडी रात्र बसून
खरोखरच्या दिल्लीत उतरलो.

'एका दिवसात दिल्ली', बसवर लिहिलं होतं.
गाइड मिटलेली छत्री उंच धरून पुढं पळायचा,
आम्ही छत्रीच्या मागं.
लाल किल्ला सोमवारचा बंद; बाहेरून बघा.
इंडिया गेट खिडकीतून; डावीकडचे लोक नशीबवान.
किल्ल्यापासून मिनारापर्यंत
बस सव्वा तास सिग्नल मोजत होती.
मला वाटायचं, चार पावलं असतील.

कुतुबला पस्तीस मिनिटं.
मान मोडेपर्यंत वर पाहिलं.
पोट कुठंच आत गेलेलं नव्हतं. तळं नव्हतं.
तांबड्या दगडावर कुणाचाच ब्रश घसरला नव्हता.
कुणीतरी नकलेसमोर उभं केल्यासारखं वाटलं
आणि त्याची मला लाज वाटली.

फोन वाजला.
'पोचलास काय रे? डावीकडनं जा,
उजवीकडं तंबूच्या दोऱ्या असतेत, पाय अडकतो.'
मी 'हो' म्हटलं.
'शेंगा घेतलास?'
'अम्मा, इथं शेंगा नाहीत.'
पलीकडे सुपात पानं कापल्याचा आवाज.
विड्या आता कुणी मागत नाही, तरी कापते.
'मग मागच्या बाजूला गेला नसशील,' ती म्हणाली.

सात मिनिटं उरली होती. गेलो.
मागच्या बाजूलाही मिनारच होता.
हिरवळीवर एक कुटुंब,
बापाचा स्वेटर उसना असावा, बाह्या लांब,
पोरीच्या डोळ्यांवर कुणाचा तरी गॉगल.
बाईनं मोबाइल माझ्या हातात दिला.

'हलू नका,' मी मराठीत म्हणालो.
तिघंही हलले नाहीत.
वरून विमान गेलं, फार खालून,
पायांखालची माती घुमली, बोट थरथरलं.

तिनं फोटो दोन बोटांनी मोठा केला, पाहिला.
मिनाराचे वरचे दोन मजले आलेच नव्हते.
परत काढतो, म्हटलं.
'राहू द्या,' ती तिच्या भाषेत म्हणाली,
'गावात कुणाला ठाऊक आहे
किती उंच आहे ते.'