हवेतला केक

आमच्या घरातल्या टेपवर
तो सिनेमा कधी संपलाच नाही.
एकोणपन्नासाव्या मिनिटाला लंबूटांग वेटर
शिडीवरून घसरतो,
शिडी गरकन फिरते, पोलिसाची टोपी उडते,
कुत्रा टेबलावरचं कापड ओढतो
आणि सात थरांचा क्रीमचा केक
कुणाचीही परवानगी न घेता
हवेत उठतो.

तेवढ्यात मुंग्या.
मग रंग.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत आईनं
हाताला लागली ती टेप मशीनमध्ये कोंबली होती,
कारण सहाच्या बातम्यांत
त्या हिमवादळातही उघडं राहिलेलं
हॅनकॉकमधलं एकमेव दुकान दाखवणार होते.
आमची बेकरी.

अकरा सेकंद.
निळा एप्रन, केसांवर जाळी,
वेलदोड्याचा गोड पाव ती कागदात गुंडाळतेय,
कपाळापासून हनुवटीपर्यंत पीठ.
कॅमेऱ्यामागून कुणीतरी सांगतं, बाई, तोंडाला लागलंय.
ती मनगटानं पुसते,
आणखीच फासलं जातं,
आणि ती हसते,
पुढचा तुटका दात झाकायचं विसरून.

मग हवामान.
मग बंद शाळांची यादी, आमचीही त्यात.

वेस्लीला आणि मला कितीतरी वर्षं ठाऊकच नव्हतं
की ही दोन वेगळी चित्रं आहेत.
केक उडाला, आईला लागला.
यात न कळण्यासारखं काय होतं?

बाबा काउंटीची बर्फ हटवायची गाडी चालवायचे.
पहाटे तीनला जायचे,
दुपारी परतले की बूट न काढताच बसायचे टीव्हीपुढे,
आणि बुटांखाली सुपीरियर सरोवराचं एखादं पिल्लू
गालिच्यावर पसरत जायचं.
हसायचे ते फक्त खांद्यांनी.
केक उठला की मात्र ओरडायचे,
"आयली, वाक!"
आणि स्वयंपाकघरातून आई, दर वेळी,
"उशीर केलास, रेइनो."

ती गेली तेव्हा
बेकरी आधीच विकली होती.
तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

वेस्लीनं मिनियापोलिसहून डिस्क पाठवली,
बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला.
ओरखडे पुसलेले, पियानो नव्यानं वाजवलेला,
वेटरच्या कोपरावरचं ठिगळसुद्धा
टाके मोजता येतील इतकं स्वच्छ.
आम्ही तिघं बसलो. पडदे ओढले.
शिडी फिरली. टोपी उडाली.
कुत्र्यानं दात रोवले.
बाबा पुढे झुकले
आणि अगदी हळू, जणू शेजारी कुणी झोपलंय,
म्हणाले, "वाक."

केक मेयरच्या तोंडावर बसला.
अचूक. मधोमध.
मेयरनं बोटानं डोळे मोकळे केले, पापणी लववली,
वेस्ली पोट धरून हसला,
आणि मीही हसले, खोटं कशाला सांगू,
फार छान केलंय ते.
बाबांचे खांदे हलले नाहीत.
"नेम चुकला," म्हणाले,
आणि कॉफी गरम करायला उठले.

डिस्क आता त्यांच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली आहे.
टेप अजून चालते. मशीन दम्याच्या माणसासारखं धापा टाकतं,
कधी फीत गिळतं, मग पेन्सिल घालून गुंडाळावी लागते.
दर खेपेला आईचा थोडा रंग उतरतो.
एप्रन आधी निळा होता, मग निळसर,
या हिवाळ्यात राखाडी.
हळूहळू ती त्यांच्यातलीच एक होते आहे,
त्या टोपीवाल्यांच्या, शिडीवाल्यांच्या जगातली,
जिथं कुणाला कितीही जोरात लागलं
तरी पुढच्या प्रसंगात तो उभा असतो.

रविवारी मी जाते त्यांच्याकडे.
भांडी घासत असताना बाहेरच्या खोलीतून येतो आवाज:
"आयली, वाक!"
मी नळ बंद करते.
पुढचं वाक्य मला पाठ आहे,
पण ते माझं नाही.